जिममधले पहिले दिवस: तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची
भाच्याची बारावी संपली, आता त्याला 'बॉडी' करायचीय. काल त्याला इंदिरानगरच्या एका जिममध्ये सोडायला गेले. दारातून नुसतं डोकावले तर रबरी मॅटचा तो वास आणि कोपऱ्यातून प्लेटांचा खणखणाट. एकदम माझे दिवस आठवले.

धाकटीच्या वेळच्या बाळंतपणानंतर पाठ इतकी धरायची की ओट्यासमोर उभं राहून पोळ्या व्हायच्या नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसता पट्टा बांधून भागणार नाही, स्नायू तयार करा. गेले कॉलेज रोडला. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी दोन्हीकडून पिन केलेली. ट्रेनर कोवळा पोरगा. वही काढून विचारतो, "मॅडम, गोल काय आहे?" म्हटलं, "पोळ्या." त्याने तसंच लिहून घेतलं हो!

शेजारच्या ट्रेडमिलवरच्या काकूंनी आधी ओढणी काढायला लावली. ती पट्ट्यात अडकली तर काय होतं हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की मी पुढे बरेच दिवस ट्रेडमिलच्या वाटेलाच गेले नाही. मग खुर्चीवर बसा-उठा, भिंतीला हात टेकून जोर, आडवं पडून कंबर उचलणं. डंबेल फार नंतर हातात आलं. मला वाटायचं पोरगं टाळतंय मला. पण पाठ सुटली ती त्या बसा-उठा करण्यानेच.

तुमचं सांगा. किस्से हवेत, उपदेश नकोत. (येणारच म्हणा.)

सातपूर_सेकंड_शिफ्ट
पहिल्याच दिवशी लेग्ज. दुसऱ्या दिवशी फारसं काही दुखलं नाही, म्हटलं आपण जन्मजात पहिलवान. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमधून दांडा धरून उलटा उतरलो. ड्रायव्हर हळूच विचारतो, "मूळव्याध का?" आता अख्ख्या लाइनवर तेच नाव पडलंय.

चिवडा_कांदा
😂😂 आडनाव बदलून घ्या आता

हाडवैद्य_नव्हे_फिजिओ
सातपूरवाले, ते असंच असतं. नवीन व्यायामाचं दुखणं २४ ते ७२ तासांत कधीही शिगेला पोचतं. व्यायाम करताना स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक अ‍ॅसिडला लोक उगाच शिव्या घालतात, ते तर तास-दोन तासांत निघून जातं. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, त्याचं दुखणं असतं ते. वजन उचलताना नाही, सावकाश खाली आणताना जास्त होते. म्हणून तुम्हाला जिना चढता आला असेल, उतरता आला नसेल. घरात पडून राहू नका, थोडं चालत राहा.

पण एक गंभीर सांगते. खूप दमछाक केल्यावर लघवी कोकसारखी गडद झाली, हात-मांड्या सुजून कडक झाल्या, तर लिंबूपाणी पीत बसू नका. तडक दवाखाना गाठा, मूत्रपिंडावर येतं ते. जोशात आलेली तरणी पोरंच यात सापडतात.

चिवडा_कांदा
हे वाचून आजची जिम रद्द. धन्यवाद मॅडम 🙏

सिडकोतला_खान्देशी
काय भो, सगळे वजन कमी करणारेच दिसता. आमच्यासारख्या काडीपैलवानांनी काय करायचं? मला पाहून ट्रेनरने पहिल्या दिवशी व्यायाम नंतर सांगितला, पावडरचा डबा आधी दाखवला. किंमत ऐकून घाम फुटला, तेवढाच वॉर्मअप. घरात अंडं चालत नाही. मग आईनेच मनावर घेतलं: मटकी, हरभरे, सोयाबीनच्या वड्या, रात्री दूध. वर्षभरात शर्ट खांद्यात दाटायला लागले.

मिसळ_हाच_धर्म
मटकी म्हणालात म्हणून विचारतो, मिसळ धरायची का प्रोटीनमध्ये?

सिडकोतला_खान्देशी
मटकी धरा. तर्री, शेव, चार पाव आणि वरचं ताक कुठे धरता ते तुम्ही बघा.

मिसळ_हाच_धर्म
रविवार चीट डे असतो म्हणे. आम्ही रविवारी व्यायाम करतो, बाकी सहा दिवस चीट.

रॉडवाली_वहिनी
मी ११ ते ४ च्या लेडीज टाइमला जाते. सुरुवातीला जे काय मागेन त्याला उत्तर एकच, "ताई, तुम्हाला टोनिंग ना?" आणि हातात गुलाबी डंबेल. अहो, गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. तो ओट्याखाली सरकवते तेव्हा कुणाला टोनिंग आठवत नाही! स्नायू फुगवणारं ते पुरुषी हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, बाईच्या अंगात असतं किती? चार महिने रॉड उचलून कुणी पहिलवान होत नाही, झालं असतं तर सगळेच झाले असते.

नवीन मुलींनो, मोठा ऑलिम्पिक रॉड रिकामाच २० किलोचा असतो. दोन्हीकडे ५-५ लावले की ३० झाले. आधी नुसत्या रॉडने सवय करा, ते जड जात असेल तर छोटा रॉड मागून घ्या. लाज कसली त्यात. आणि प्लेटांना क्लिपा लावा गं बायांनो.

बँकेतले_काका
आमच्या वेळी पंचवटीत तालीम होती, जिम नव्हे. जोर, बैठका, मल्लखांब. मल्लखांब पुन्हा नावारूपाला आणणारे बाळंभटदादा देवधर आपल्याच नाशिक जिल्ह्यातले. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे ते व्यायामगुरू. सप्तशृंगगडावर त्यांना मारुतीने ही विद्या दिली, अशी कथा सांगतात. आताच्या पोरांना हे ठाऊक नसतं.

असो. निवृत्तीनंतर शुगर निघाली, तेव्हा सूनबाईंनी जिमची पावतीच हातात ठेवली. माझं बीपी आहे हे ऐकून तिथल्या मुलाने पहिल्या दिवशी एकच शिकवलं: लेग प्रेसचं मशीन पायांनी ढकलताना मोठ्याने आकडे म्हणायचे. मला वाटलं थट्टा करतोय. तर तो म्हणाला, "काका, आकडे म्हणताना श्वास कोंडता येत नाही. जोर लावताना श्वास कोंडला की बीपी चढतं." आता मी मोजतो आणि सगळी जिम माझ्यावरून मोजते.

इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील त्यांनी खिशात साखर, पेपरमिंट काहीतरी ठेवावं. थरथर, थंड घाम सुटला की आधी ते तोंडात, गप्पा नंतर.

गोदाकाठची
काका, नमस्कार घ्या! माझे आजोबाही तालमीतले. लाल मातीचे कपडे धुताना आजी काय काय बोलायची ते इथे लिहिता येणार नाही.

पहाटेचा_धावपटू
जिमला पैसे घालवता कशाला? गोल्फ क्लबचा ट्रॅक फुकट, पांडवलेणीच्या पायऱ्या फुकट. आपली कविता राऊत सावरपाड्याच्या डोंगरात पळून २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुलात दहा हजार मीटरचं ब्राँझ घेऊन आली.

रॉडवाली_वहिनी
आणि तिने कधी वजनं उचललीच नसतील असं तुम्हाला वाटतं? धावणाऱ्यांनाही स्ट्रेंथ लागते हो. जागतिक आरोग्य संघटना सुद्धा आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं किंवा ७५ मिनिटं पळणं सांगते आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम.

पहाटेचा_धावपटू
वहिनी, हरलो. पण डिसेंबरात पहाटे या एकदा पायऱ्यांवर, मग बोलू.

चिवडा_कांदा
डिसेंबरात पहाटे मी गोधडीतून नाकसुद्धा बाहेर काढत नाही

नाशिकरोडची_पमा
मी अजून गेलेच नाही. 😐 चौकशीला गेले तर महिन्याची फी विचारली की वर्षाचंच पॅकेज सांगतात, "आजच भरलं तर डिस्काउंट". घरी विचारून सांगते म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून फोन. नवरा म्हणतो तू त्यांच्याशी बोलताना जेवढ्या फेऱ्या मारतेस तेवढ्यात वजन उतरेल.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
ताई, ट्रायल मागा. देतात. आणि तुम्ही जाणार त्याच वेळेला मागा, दुपारी रिकामी जिम बघून फसायला होतं. संध्याकाळी सात वाजता बेंचसाठी रांग असते.

हाडवैद्य_नव्हे_फिजिओ
आणि महिन्याचीच फी भरा. महाग पडली तरी.

मिसळ_हाच_धर्म
गंगापूर रोडला जिमच्या जवळपास गाडी कुठे लावता हो तुम्ही लोक? सिंहस्थाच्या कामांनी आधीच सगळं खणून ठेवलंय. परवा गाडी इतकी लांब लावली की चालूनच कार्डिओ झाला, तसाच मिसळ खाऊन परत आलो.

नाशिकरोडची_पमा
वहिनी, तुमच्या त्या लेडीज टाइमला आत कुणी जेन्ट्स ट्रेनर असतो का? आणि दुपारी पंखे लावतात की लाइट बिलाच्या नावाने बंद ठेवतात?

रॉडवाली_वहिनी
ट्रेनर मुलगी आहे, सिन्नरहून येते, खूप छान शिकवते. पंखे आपणच लावायचे. कुकर लावलाय, बाकीचं मेसेज करते तुला.