ताण पेशींनाही कळतो

"ताण मनाला असतो, पेशींच्या वयाशी त्याचा काय संबंध" असं कुणीतरी विचारलं म्हणून लिहितोय. क्रोमोसोमच्या (पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांच्या) टोकांना टेलोमिअर नावाचे टोपणासारखे भाग असतात, पेशी विभागली की ते थोडे आखूड होतात आणि फारच आखूड झाले की पेशी विभागायचीच थांबते. २००४ साली एलिसा एपेल, एलिझाबेथ ब्लॅकबर्न (ब्लॅकबर्नना २००९ चं नोबेल विभागून मिळालं) वगैरे संशोधकांनी ५८ आयांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या, त्यातल्या ३९ जणींची मुलं दीर्घ आजारी होती. त्या ३९ जणींत जितकी जास्त वर्षं सेवा तितके टेलोमिअर आखूड, आणि एकूण सगळ्याजणींत ज्यांना ताण सर्वात जास्त जाणवत होता त्यांच्या पेशी टेलोमिअरच्या लांबीवरून कमी ताणवाल्यांपेक्षा निदान १० वर्षं म्हाताऱ्या दिसल्या. अर्थात मोजमाप एकदाच झालेलं, त्यामुळे ताणामुळेच झालं असं ठामपणे म्हणता येत नाही.

मला हे वाचून आईच आठवली, आजी अंथरुणाला खिळलेली तेव्हा ती रात्री तीन-तीनदा उठायची, अशा बाईला व्यायाम कर, झोप नीट घे म्हणून काय उपयोग, तिच्या वाटची रात्र दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवी. शेवटी मामा शनिवार-रविवार यायला लागला तेव्हा कुठे ती सलग झोपली.