बडी हॉलीच्या अखेरच्या ध्वनिफिती : मूळ रूप कोणते मानावे?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला होते. तिथल्या एका सहकाऱ्याने दिलेल्या कॅसेटमुळे आमच्या घरी नाट्यगीतांच्या जोडीने अमेरिकी रॉक अँड रोल गायक बडी हॉलीही ऐकला जात असे. त्यातली ‘क्राइंग, वेटिंग, होपिंग’ आणि ‘पेगी स्यू गॉट मॅरिड’ ही गाणी कोरस, ड्रम्स आणि मधल्या गिटारच्या तुकड्यासकट मला तोंडपाठ आहेत. मागच्या आठवड्यात हीच गाणी मोबाइलवर लागली, तेव्हा त्यांत केवळ एक आवाज आणि एक गिटार होती. हल्ली संगणकावर गाण्यातली वाद्ये वेगळी काढता येतात. तेव्हा हा तसाच प्रकार आहे, की मी इतकी वर्षे जे ऐकत आलो तेच नंतर सजवलेले आहे? वडिलांच्या संग्रहाची नोंदवही मी करत आहे आणि तिच्यात चुकीची नोंद राहू नये, एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद १ (नाशिक रोड)

आपली दुसरी शंका बरोबर आहे. बडी हॉली १९५८ च्या अखेरीस क्रिकेट्स हा आपला वाद्यवृंद आणि निर्माते नॉर्मन पेटी यांच्यापासून वेगळा झाला व पत्नी मारिया एलेना हिच्यासह न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात राहू लागला. तिथे डिसेंबर १९५८ आणि जानेवारी १९५९ मध्ये त्याने घरातल्या अँपेक्स टेपरेकॉर्डरवर आपली सहा नवी गाणी एकट्याने गाऊन ठेवली. ती प्रसिद्ध करण्यासाठी नव्हती, पुढे स्टुडिओत नीट बांधण्यासाठीचे ते कच्चे खर्डे होते. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवा राज्यात विमान कोसळून तो गेला, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता.

त्यानंतर कंपनीने जॅक हॅन्सन यांच्याकडून न्यूयॉर्कमध्ये त्या फितींवर वादक आणि कोरस चढवून घेतला. आपण उल्लेखिलेली दोन्ही गाणी त्याच वर्षी एका तबकडीच्या दोन बाजूंवर निघाली. पुढे १९६० च्या दशकात पेटी यांनीही न्यू मेक्सिकोतील क्लोव्हिसच्या आपल्या स्टुडिओत फायरबॉल्स या वाद्यवृंदाला साथीला घेऊन पुन्हा साज चढवला, त्यामुळे एकाच गायनाची दोन वेगवेगळी रूपे बाजारात आली.

यातली तांत्रिक बाब अशी की, त्या काळी जुनी फीत वाजवून तिच्याबरोबर वादक वाजवत आणि दोन्ही मिळून दुसऱ्या फितीवर उतरवून घेत. म्हणजे साज दुसऱ्या फितीवर चढला, पहिली तशीच राहिली. आपण ऐकलेल्या आवाजातून काही वजा केलेले नाही. त्यात मुळातच काही मिळवलेले नव्हते.

प्रतिसाद २ (पंचवटी)

वरील माहितीशी मी सहमत आहे. आमच्या जुन्या वाड्याच्या सागवानी खांबांवर कुणीतरी ऑइलपेंट फासला होता आणि तो खरवडताना कोरीव कामही थोडे गेले. हॉलीच्या गाण्यांच्या नशिबी ते आले नाही, याचे मला फार समाधान वाटते.

तरीही सजवलेल्या रूपाला खोटे म्हणू नये, अशी माझी विनंती आहे. बीटल्सनी १ जानेवारी १९६२ रोजी डेक्का कंपनीपुढे दिलेल्या चाचणीत ‘क्राइंग, वेटिंग, होपिंग’ गायले. त्यात जॉर्ज हॅरिसनच्या प्रत्येक शब्दाला मागून जे प्रतिसादाचे सूर येतात, ते हॉलीने घरी केलेल्या फितीत नाहीत. ते हॅन्सन यांच्या कोरसमधून आलेले आहेत. म्हणजे लिव्हरपूलच्या मुलांनी तबकडीवर जे ऐकले, त्यालाच मूळ मानून ते शिकले. नोंदवहीत दोन्ही रूपांना जागा द्यावी, मात्र गायनाचे साल १९५८-५९ आणि साज चढवल्याचे साल वेगळे लिहावे.

प्रतिसाद ३ (सिडको)

अधिकृत प्रत हवी असल्यास २००९ मध्ये निघालेला ‘डाउन द लाइन : रेअरिटीज’ हा दोन सीडींचा संच पाहावा. घरातली ही गाणी त्यात साजाविना आहेत आणि हॉली पतिपत्नींचे घरातले बोलणेही त्यात आहे.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री घरातले सगळे झोपल्यावर हेडफोन लावून ‘क्राइंग, वेटिंग, होपिंग’ पुन्हा ऐकले. मधल्या तुकड्याच्या जागी, जिथे माझे कान सवयीने दुसऱ्या गिटारची वाट पाहतात, तिथे तो नुसताच ताल धरून वाजवत राहतो. पुढे कुणीतरी ही जागा भरणार आहे, हे त्याला ठाऊक असल्यासारखा. नोंदवहीत वडिलांच्या कॅसेटपुढे मी ‘साज : १९५९, हॅन्सन’ असे लिहिले आहे आणि तिच्या वरची एक ओळ मूळ फितीसाठी मोकळी ठेवली आहे. संच हाती आला की ती भरीन.