बारा वर्षांखालच्या मुलांना क्लबात निवडचाचणी असावी का?

मैदानवाली: उन्हाळी सुट्टी जवळ आली की ओळखीतले पालक विचारतात, "पोरगं दिवसभर मोबाईलवर असतं, कुठे घालू?" मग कबड्डी नाहीतर फुटबॉलच्या क्लबात नाव घालतात आणि महिन्याभरात मूल परत घरी. याचा दोष मुलाला देऊ नका. आल्या आल्या मैदानाला फेऱ्या, मागे पडलं की शिक्षा म्हणून आणखी एक. मग दोन कॅप्टन सगळ्यांदेखत एकेक गडी निवडणार, आणि शेवटी उरणारं मूल रोज तेच. डॉजबॉलमध्ये सगळ्यांत संथ मूल सगळ्यांत आधी बाद होतं आणि उरलेला वेळ कडेला बसतं. ज्याला हालचालीची गरज सर्वांत जास्त, त्यालाच खेळायला सर्वांत कमी मिळतं.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. तिच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतची आकडेवारी तपासली, तेव्हा भारतातली ११ ते १७ वयाची जवळपास ७४ टक्के मुलं त्यात कमी पडत होती. म्हणजे न खेळणारं मूल हेच आपलं नेहमीचं मूल आहे. ज्या क्लबाला पालिकेचं मैदान सवलतीत मिळतं, त्याने बारा वर्षांखाली निवडचाचणी न लावता येईल त्याला घ्यावं आणि प्रत्येकाला खेळवावं.

खोखो_सर: ताई, तळमळ पोचली, पण मी याच्या विरोधात आहे. संध्याकाळी साडेपाच ते अंधार पडेपर्यंत एक मैदान, एक प्रशिक्षक, चाळीस मुलं. माझ्याकडे वस्तीतून मुली येतात. जिल्हा, राज्य पातळीवर खेळलं तर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. त्यांच्या घरात दुसरी शिडीच नाही. त्या मुलीच्या वाट्याची वीस मिनिटं काढून, ज्याच्या घरी सायकल आहे, सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे, अशा मुलाला द्यायची? ही समावेशकता मला पटत नाही. शिवाय क्लब निकालावर ओळखला जातो. पदकं थांबली की देणगीदारही थांबतात.

ओस्लोकर: सर, आमच्याकडे नॉर्वेत मुलांच्या खेळासाठी १९८७ पासून देशभर एकच नियमावली आहे. अकराव्या वर्षापर्यंत गुणतक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत. राष्ट्रीय अजिंक्यपद तेराच्या आत नाही. माझ्या मुलीच्या फुटबॉल संघात बऱ्याच मुली नुसत्या मैत्रिणी आहेत म्हणून येतात, आणि प्रशिक्षक म्हणजे कुणाचे तरी आईबाबा. तरी २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये या ५५ लाखांच्या देशाने १६ सुवर्णपदकं घेतली. लहानपणी चाळणी न लावल्याने पदकं जात नाहीत.

खोखो_सर: तिथे सरकारी लॉटरीच्या नफ्यातला मोठा वाटा खेळाला जातो, गावोगावी बंदिस्त मैदानं आहेत. माझ्याकडे पाऊस आला की सराव बंद. आधी ते द्या, मग नियम द्या.

ठाण्याचे_बाबा: माझा मुलगा क्लबात जात नाही आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. चित्र काढतो, संध्याकाळी कुत्र्याला फिरवतो. प्रत्येक मुलाला शिट्टीच्या तालावर आणलंच पाहिजे का?

मैदानवाली: नाही आणायचं. पण मनातून यायचं असून लाजेने न येणारं मूल वेगळं. पूर्वी त्याला गल्ली होती, तिथे लिंबूटिंबू म्हणून तरी घ्यायचे. आता गल्लीत गाड्या उभ्या आहेत.

पीटीच्या_बाई: मी शाळेत शिकवते, माझा पीटीचा तास निम्म्या वेळा गणिताला जातो. सरांचं वस्तीतल्या मुलींबद्दलचं म्हणणं खरं आहे, म्हणून लगेच उडवून लावू नका. पण त्याच मुली सातवी-आठवीत गळतात. मैदानावर स्वच्छतागृह नाही, पाळीच्या दिवसांत बसायला आडोसा नाही, हाफ पँटची सक्ती. समावेश म्हटलं की सगळे जाड मुलाबद्दल बोलतात, या मुलींबद्दल कुणी बोलत नाही.

आणि कृपा करून मागे पडणाऱ्या मुलांची वेगळी बॅच काढू नका. दुसऱ्याच दिवशी तिला "ढोल्यांची बॅच" नाव पडतं. खेळ बदला. संघ चिठ्ठ्या टाकून पाडा. डॉजबॉलमध्ये बाद झालेलं मूल समोरच्या संघात जाऊ दे. खो-खोत मोठ्यांचा डाव ९ मिनिटांचा, माझ्याकडे लहानांचा ३ मिनिटांचा आणि मैदानही आखूड. पाठलागात नऊपैकी आठ जण बसलेले असतात, धावणारा एकच. जाड मुलगाही नजर तीक्ष्ण असेल तर खो मिळताच झटकन उठतो. माझ्या वर्गात हे घडतं.

व्यायामशाळेचा_नातू: अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं. व्यायामाचा प्रसार हाच या संस्थांचा मूळ हेतू. आमच्या गावच्या आखाड्यात काडीपैलवानही जोर मारायला जायचा, त्याला कुणी चाचणी विचारली नाही. निवड करणारा क्लब ही अलीकडची गोष्ट आहे.

खोखो_सर: त्या आखाड्यात मुली नव्हत्या आणि सगळ्या जातींची मुलंही नव्हती, तेही लिहा.

बाईंचा ३ मिनिटांचा डाव मात्र मी करून बघेन. त्याला जास्त मैदान लागत नाही आणि माझ्या मुलींचा सरावही बुडत नाही. रविवारी सकाळी मैदान रिकामं असतं, तेव्हा दहा वाजेपर्यंत येईल त्याला घेईन. दुसऱ्या प्रशिक्षकाचं मानधन पालकांनी वर्गणी काढून द्यायचं, वस्तीतल्या मुलांकडून काही घ्यायचं नाही. आणि रोजच्या संध्याकाळच्या सरावाला चाचणी राहणार. यावर मी हलणार नाही.

मैदानवाली: रविवारचं मान्य, वर्गणीचं मी बघते. चाचणीवर मात्र माझा विरोध कायम आहे. सवलतीच्या भाड्यात संध्याकाळचं मैदानही येतं. पालिकेला पत्र देणार आहे, त्यात स्वच्छतागृहाची मागणी पहिली. सही कोण कोण करतंय?

पीटीच्या_बाई: माझी धरा.

खोखो_सर: स्वच्छतागृहाच्या पत्रावर माझीही. चाचणीचं पत्र वेगळं लिहा.