परदेशी पोस्टकार्डांतून घरी शिकणाऱ्या मुलांना भूगोल कसा शिकवावा?

घरशाळा_सातारा

नमस्कार. आमची नऊ वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा शाळेत जात नाहीत. त्यांचे शिक्षण घरीच चालते. भूगोलाची गोडी लागावी म्हणून गेल्या वर्षी मी माझ्या नावाने पोस्टक्रॉसिंगवर खाते उघडले. २००५ साली पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात आपण पत्ता मागितला की जगातल्या कुठल्याही सदस्याचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक लिहून आपण कार्ड पाठवायचे, समोरच्याने पोहोच नोंदवली की आपला पत्ता तिसऱ्याच कुणाकडे जातो आणि त्याचे कार्ड आपल्या दारात येते.

आजवर आमच्याकडे सव्वीस कार्डे आली आहेत. पोस्टमनकाका फाटकाशी थांबले की मुले धावत सुटतात, हे सुख मोठे आहे. परंतु कार्ड पाहून होते, नकाशात टाचणी टोचली जाते, कार्ड वहीत जाते आणि विषय तिथेच संपतो. परवा मी सहज विचारले, तर फिनलंड म्हणजे बर्फ आणि नेदरलँड्स म्हणजे पवनचक्क्या, याखेरीज मुलांना काही सांगता आले नाही. आम्ही पाठवलेल्या कार्डांवरही दर वेळी ‘भारत मोठा देश आहे, येथे अनेक भाषा आहेत’ एवढेच असते. ज्यांनी हा मार्ग नीट चोखाळला आहे त्यांनी काय केले, हे कृपया सविस्तर सांगावे. मुलांच्या सुरक्षिततेबद्दलही मनात शंका आहे.

टपालप्रेमी_पुणे

ताई, माझ्या मते तुम्ही कार्डाची चित्राची बाजूच वाचत आहात. मी चाळीस वर्षे तिकिटे जमवतो आणि दोन नातवंडांना दर रविवारी भूगोल शिकवतो, त्या अनुभवावरून सांगतो की खरा मजकूर मागच्या बाजूला असतो.

आधी तिकीट घ्या. स्वित्झर्लंडच्या तिकिटावर ‘हेल्वेशिया’ असे लॅटिन नाव असते. का, हे मुलांना शोधू द्या. त्या देशाच्या चार राष्ट्रीय भाषा आहेत आणि लॅटिन नाव घेतले की त्यांतल्या कुणा एकीला झुकते माप मिळत नाही, इथपर्यंत ती आपली आपण पोहोचतात. फिनलंडच्या तिकिटावर ‘सुओमी’ आणि ‘फिनलँड’ अशी दोन नावे असतात, कारण तेथे फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही राष्ट्रीय भाषा आहेत. ब्रिटनच्या तिकिटावर देशाचे नावच नसते, केवळ राजाचे किंवा राणीचे मुखचित्र असते, कारण चिकटवायच्या टपाल तिकिटांची सुरुवात १८४० साली तेथेच झाली आणि तेव्हा दुसऱ्या कोणाची तिकिटेच नव्हती. मग आपले तिकीट समोर ठेवा आणि देवनागरीत ‘भारत’ व रोमन लिपीत ‘इंडिया’ असे का छापतात, हा प्रश्न त्यांनाच विचारा.

नंतर पत्ता. जपानी माणूस आपल्या लिपीत पत्ता लिहितो तेव्हा आधी सात आकडी टपाल क्रमांक, मग प्रांत, शहर, वस्ती, आणि माणसाचे नाव सगळ्यात शेवटी. तेथील बहुतेक रस्त्यांना नावे नसतात. क्रमांक असतात ते घरांच्या गटांना. आपण मात्र नावापासून सुरुवात करून मु. पो., ता., जि. अशा पायऱ्या चढत जातो. ही चार अक्षरे परदेशी माणसाला समजावून सांगायला मुलाला बसवले की गाव, तालुका आणि जिल्हा म्हणजे काय, हे त्याला पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत मांडावे लागते.

पिनकोडही सोडू नका. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला ४ हा आकडा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या भागाचा. तुमच्या साताऱ्याचा पिन ४१५००१ आणि घाटाखालच्या रत्नागिरीचा ४१५६१२. वाई मात्र तुमच्याच जिल्ह्यात असून तिचा पिन ४१२ने सुरू होतो. टपालाची हद्द जिल्ह्याच्या हद्दीबरोबर का चालत नाही, या एका प्रश्नावर आमचा अख्खा रविवार गेला होता.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. क्रमांक कार्डावर दोन ठिकाणी लिहा आणि कार्डाची अगदी खालची पट्टी कोरी ठेवा, कारण काही देशांत यंत्रे तिथे पट्टी डकवतात आणि नेमका क्रमांकच झाकला जातो. देशाचे नाव शेवटच्या ओळीत मोठ्या रोमन अक्षरांत असू द्या.

तांपेरेहून

मी अकरा वर्षे फिनलंडमध्ये राहते, त्यामुळे ‘फिनलंड म्हणजे बर्फ’ हे वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. बर्फ खोटा नाही. पण दुकानातले कार्ड हे देशाने पाहुण्यांसाठी घातलेले ठेवणीतले कपडे असतात, आणि मुलांना रोजचे कपडे दिसायला हवेत. त्यासाठी आपल्या सदस्य-परिचयात एक नेमका, छोटा प्रश्न लिहून ठेवावा. ‘तुमच्या देशाबद्दल सांगा’ असे विचारले तर तुमच्या कार्डांवर असते तसेच उत्तर येणार. त्याऐवजी ‘या आठवड्यात तुमच्या घराजवळच्या झाडाझुडपांवर काय आहे?’ असे विचारून पाहा.

असा प्रश्न ऑगस्टमध्ये कुणी मला विचारला तर मी रानातल्या निळ्या बेरींबद्दल लिहीन. येथे जंगल कुणाच्याही मालकीचे असले तरी त्यात पायी फिरण्याचा आणि रानबेरी वेचण्याचा हक्क सगळ्यांना आहे. माझी मुले बादली घेऊन जातात आणि बोटे जांभळी करून परततात. आता तुमच्या मुलांना विचारा, की उन्हाळ्यात डोंगरावरची करवंदे वेचताना आपण कुणाची परवानगी घेतो का, आणि ती जागा कुणाची असते? माझ्या समजुतीप्रमाणे संस्कृतीचा अभ्यास इथून सुरू होतो. पोशाख आणि सणांची नावे पाठ करण्यात तो फारसा नसतो.

माझे शहर दोन सरोवरांच्या मध्ये वसलेले आहे. त्या दोन पाण्यांच्या पातळीत सुमारे अठरा मीटरचा फरक आहे आणि मधल्या वेगवान प्रवाहाच्या जोरावर येथे १८२० नंतर कापडगिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीच्या चित्राचे कार्ड मी भारतात पाठवते तेव्हा एवढीच दोन वाक्ये लिहिते. शहर तिथेच का वसले, हे ज्या मुलाला एकदा उमगले, ते कोयनेकडेही वेगळ्या नजरेने पाहील.

सुरक्षिततेबाबत आमचे नियम साधे आहेत: खाते आणि पत्त्यावरचे नाव आईचे किंवा वडिलांचे, कार्डावर मुलाचे आडनाव आणि छायाचित्र नाही, आणि आलेले प्रत्येक कार्ड आधी मोठ्यांनी वाचायचे.

मांडवीकाठचा

नेदरलँड्सच्या पवनचक्क्यांबद्दल थोडे सांगतो, कारण आमच्या घरी त्याच विषयावर दोन महिने अभ्यास झाला. किंडरडाइक येथील एकोणीस पवनचक्क्यांचे कार्ड आमच्या मुलीला आले. ती म्हणाली, ‘पिठाच्या गिरण्या आहेत.’ मी उत्तर दिले नाही, नकाशा पुढे ठेवला. त्या देशाची सुमारे एक चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि या चक्क्या दळण्यासाठी नव्हे तर सखल जमिनीतले पाणी उपसून वर चढवण्यासाठी बांधल्या होत्या, हे तिला कळले तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, ‘म्हणजे आपल्या खाजनासारखे!’

आम्ही गोव्यात नदीकाठी राहतो. खाडीचे खारे पाणी मातीच्या बांधाने अडवून मागे केलेली भातशेती म्हणजे खाजन जमीन, आणि बांधातल्या लाकडी दारांच्या झडपेला येथे मानस म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. मुलगी मला घेऊन मानसीवर गेली आणि ओहोटी लागेपर्यंत, म्हणजे पावणेदोन तास, आम्ही बांधावर बसून राहिलो. दार किंचित हलले, फटीतून आधी गढूळ रेघ आली आणि मग पाण्याचा लोट सुटला. तेच चित्र तिने कोऱ्या कार्डावर काढले आणि नेदरलँड्समधला पत्ता मिळाला तेव्हा पाठवले. पोहोच नोंदवताना त्या बाईंनी लिहिले, की त्यांचे आजोबा बांधाच्या देखरेखीचे काम करत आणि असे दार त्यांनी लहानपणी पाहिले आहे.

तेव्हापासून आमच्या घरी बाहेर जाणारे कार्ड हाच मुख्य धडा आहे आणि येणारे कार्ड त्याच्या जोडीचे. चित्र काढणार असाल तर शाईचे पेन टाळा. जुलैत पाठवलेले आमचे एक कार्ड पत्त्यासकट धुऊन निघाले असावे, कारण ते कधीच पोहोचले नाही.

घरशाळा_सातारा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे प्रयोग करून मगच लिहिते आहे.

सव्वीसही कार्डे वहीतून काढून आम्ही मागची बाजू वर करून जमिनीवर मांडली. मुलाने तिकिटावरच्या देशनावांची यादी केली आणि हंगेरीवाले स्वतःला ‘मॅग्यार’ म्हणवतात, हे त्याला तिकिटावरूनच कळले. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणला, तर तो उत्तर ध्रुवीय प्रदेशातून गेला. सपाट नकाशावर काढलेली आपली पेन्सिलची रेघ सर्वांत जवळची नव्हती, हे पटायला त्याला तीनदा मोजावे लागले. अर्थात कार्ड त्याच वाटेने गेले असे नाही, हेही त्याला सांगितले.

मुलीला कासच्या सड्याबद्दल, म्हणजे आमच्या जवळच्या कातळपठाराबद्दल, लिहायचे होते. पहिल्या खर्ड्यात ‘येथे खूप सुंदर फुले फुलतात’ असे होते. मी विचारले, की सुंदर फुले तर सगळीकडे असतात, मग कासलाच लोक का येतात? आम्ही पुन्हा सड्यावर गेलो, तिने बोटाने माती उकरून पाहिली आणि दोन पेरांच्या आतच खाली कातळ लागला. अखेर कार्डावर आले ते असे: ‘आमच्या डोंगरावर माती माझ्या बोटाएवढीसुद्धा नाही. म्हणून तिथे मोठी झाडे वाढत नाहीत आणि पावसाळ्यात छोटी फुले येतात. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. पुढच्या वेळी ती फुलेल तेव्हा मी मोठी असेन. तुमच्याकडे अशी वाट पाहायला लावणारी गोष्ट कोणती?’

हे कार्ड जपानला गेले आहे. बॉलपेनने लिहिले, क्रमांक दोनदा घातला आणि खालची पट्टी कोरी ठेवली. आज अठरावा दिवस आहे, पोहोच अजून आलेली नाही.