दोन राज्यांत विभागलेली कुटुंबे आणि कल्याण योजना: शेजारी सरकारांचे सहकार्य कसे घडू शकेल?

डिचोलीची शिक्षिका

सर्वांना सप्रेम नमस्कार. आमच्या महिला मंडळाकडे एकाच प्रकारच्या अडचणी वारंवार येतात, म्हणून जाणकारांचे मत विचारावे असे वाटले.

महाराष्ट्रातील दोडामार्ग, सावंतवाडी आणि कर्नाटकातील खानापूर या भागांतून गोव्यात डिचोली, म्हापसा, कुंडई येथे कामासाठी आलेली, काही वर्षे येथे राहून पुन्हा गावी गेलेली आणि नंतर मुलांबरोबर परत आलेली अनेक कुटुंबे आहेत. त्यांतील एखादी एकटी स्त्री उतारवयात मदतीसाठी अर्ज करू लागते, तेव्हा तिला कळते की गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी 15 वर्षांचे वास्तव्य हवे आणि महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेसाठीही 15 वर्षांचेच हवे. दहा वर्षे इकडे आणि आठ वर्षे तिकडे काढलेली स्त्री अठरा वर्षे राबूनही दोन्हीकडे अपात्र ठरते. मामलेदार कार्यालयातील माणसे वाईट वागतात असे मी म्हणत नाही. नियमच असा आहे की त्यांना दुसरे उत्तर देता येत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. शेजारी सरकारांनी एकत्र येऊन अशा कुटुंबांची जबाबदारी वाटून घेतल्याची उदाहरणे कोठे आहेत काय? आणि सार्क या दक्षिण आशियाई संघटनेच्या देशांनी सामाजिक सनद स्वीकारली होती असे वाचले आहे, तर तिचा असा काही उपयोग झाला का?

समाजकल्याण, निवृत्त

बाई, आपण मांडलेली अडचण मी नोकरीत असताना अनेकदा पाहिली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सार्कपासून सुरुवात करतो. तेथील प्रयत्न प्रामाणिक होते. 1991 ते 2000 हे दशक या संघटनेने बालिका दशक म्हणून जाहीर केले. जानेवारी 2002 मध्ये काठमांडूच्या शिखर परिषदेत स्त्रिया व मुलांच्या तस्करीविरुद्धचा करार आणि बालकल्याणाचा करार असे दोन करार झाले, आणि 4 जानेवारी 2004 रोजी इस्लामाबादला सामाजिक सनदेवर सह्या झाल्या. गरिबी, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचा दर्जा, मुलांचे हक्क असे सगळे विषय त्या सनदेत आहेत. तरीही आपल्या मंडळाकडे येणाऱ्या बाईपर्यंत, किंवा तिच्यासारख्या नेपाळमधल्या वा बांगलादेशातल्या बाईपर्यंत, त्या सनदेतून थेट काही पोहोचत नाही. कोणत्या देशाने कोणाचा किती खर्च उचलायचा आणि तो दुसऱ्याला कसा भरून द्यायचा, याची व्यवस्था तिच्यात नाही. त्यातच सार्कचे सर्व निर्णय एकमताने घ्यावे लागतात, आणि 2014 च्या काठमांडू परिषदेनंतर शिखर परिषदच भरलेली नाही.

आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेची वाट थोडी निराळी आहे. तेथे समाजकल्याण मंत्र्यांच्या बैठका होत असतात. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांबाबत 2007 मध्ये सेबू येथे घोषणापत्र निघाले आणि 2017 मध्ये मनिला येथे त्यापुढचा मतैक्याचा दस्तऐवज झाला. एका घोषणेपासून पुढच्या दस्तऐवजापर्यंत दहा वर्षे गेली, आणि तोही कायद्याने बंधनकारक नाही. मंत्री भेटत राहतात, अधिकाऱ्यांची एकमेकांशी ओळख राहते, ही त्यातली जमेची बाजू आहे आणि तिला मी कमी लेखत नाही.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र युरोपात सापडते. तेथे सामाजिक सुरक्षेचा समन्वय करणारा पहिला नियम 1958 मध्येच आला, म्हणजे सामायिक बाजारपेठ उभी राहताच. आजचा नियम 2004 चा असून तो मे 2010 पासून लागू आहे. त्याने सर्व देशांच्या योजना एकसारख्या केलेल्या नाहीत. प्रत्येक देशाची योजना, तिची रक्कम, तिचे वय त्या त्या देशाचेच राहिले आहे. माणसाने वेगवेगळ्या देशांत काढलेली विम्याची, नोकरीची वा वास्तव्याची वर्षे पात्रतेसाठी एकत्र मोजली जातात, आणि पेन्शन देताना प्रत्येक देश आपल्याकडच्या वर्षांपुरता वाटा देतो. आई एका देशात आणि बाप दुसऱ्या देशात नोकरी करत असेल, तर मुलांचा भत्ता आधी कोणी द्यायचा हे ठरलेले असते. दुसऱ्या देशाचा भत्ता मोठा असेल, तर त्याने फरकाची रक्कम द्यायची असते.

हेच आपल्या उदाहरणाला लावून पाहू. गोव्यात दहा वर्षे आणि महाराष्ट्रात आठ वर्षे राहिलेली 62 वर्षांची स्त्री घ्या. गोव्याचे दरमहा 2000 रुपये आणि महाराष्ट्राचे 1500 रुपये धरले, तर गोव्याचा वाटा अठरापैकी दहा भाग म्हणजे सुमारे 1111 रुपये होईल आणि महाराष्ट्राचा अठरापैकी आठ भाग म्हणजे सुमारे 667 रुपये. तिच्या हाती दरमहा 1778 रुपये पडतील, आणि कोणत्याही एका राज्यावर पूर्ण भार येणार नाही. आज तिला दोन्हीकडून शून्य मिळते.

तिळारीकाठचा

निवृत्त साहेबांनी युरोपचे उदाहरण दिले, ते पटले. पण आपल्या सीमेवरच दोन सरकारांनी एकत्र काम केल्याचा दाखला आहे, तो नोंदवावासा वाटतो. तिळारीचे धरण आमच्या दोडामार्ग तालुक्यात आहे आणि प्रकल्प गोवा व महाराष्ट्र यांचा संयुक्त आहे. खर्चाचा वाटा ठरला, पाण्याचा वाटा ठरला, दोन्ही राज्यांचे नियंत्रण मंडळ झाले. पाण्याचा हिशेब राज्याच्या सीमेपलीकडे ठेवता येतो, तर माणसांचा का ठेवता येऊ नये? त्याच प्रकल्पात घरे आणि जमिनी गेलेल्या कुटुंबांना आपल्या मागण्यांसाठी वर्षानुवर्षे दोन्ही सरकारांकडे खेटे घालावे लागले, हेही विसरता येत नाही. कालव्यांचा करार जितक्या बारकाईने झाला, तितक्या बारकाईने कुटुंबांचा झाला नाही.

दुसरी गोष्ट बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची. सिंधुदुर्गातील गंभीर रुग्णाला आम्ही आधी बांबोळीलाच नेतो, कारण तेच जवळ आहे. 2018 च्या सुरुवातीला गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले आणि दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांना बोलणी करावी लागली. गोव्याने आपल्या करदात्यांचा पैसा जपावा हे मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच की ते बिल महाराष्ट्र सरकारकडे जावे, स्ट्रेचरशेजारी उभ्या असलेल्या बापाकडे नव्हे.

म्हापशाचा करदाता

चर्चा चांगली चालली आहे, पण गोव्याच्या बाजूने एक चिंता स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते. हे लहान राज्य आहे. येथे बाहेरून येणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे आणि दयानंद योजना, गृह आधार, लाडली लक्ष्मी यांचा खर्च येथील तिजोरीतूनच होतो. वास्तव्याची अट काढली किंवा सैल केली, तर ज्यांचे सारे आयुष्य येथे गेले त्या गोमंतकीय वृद्धांचे पैसे आणखी उशिरा येतील. आजही अनेकांना दोन-दोन महिने थांबावे लागते. पंधरा वर्षांची अट कोणाचा द्वेष म्हणून आलेली नाही.

समाजकल्याण, निवृत्त

आपली चिंता योग्य आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी सुचवलेल्या पद्धतीत पंधरा वर्षांची अट कायम राहते. फक्त ती वर्षे दोन राज्यांत मिळून मोजायची, आणि गोव्याने गोव्यातल्या वर्षांपुरतेच पैसे द्यायचे. काल आलेल्या माणसाला यातून काहीही मिळत नाही. शिवाय याचा लाभ उलट दिशेनेही होतो. लग्न होऊन वेंगुर्ल्याला गेलेल्या, नोकरीसाठी बेळगावात राहिलेल्या गोमंतकीय स्त्रियांची गोव्यातली वर्षे आज वाया जातात, ती तेथे मोजली जातील. पैसे उशिरा मिळण्याची तक्रार स्वतंत्र आहे आणि ती मांडलीच पाहिजे.

आपल्या देशात हे अगदीच अनोळखी नाही. शिधापत्रिकेची देशभर चालणारी व्यवस्था ऑगस्ट 2019 मध्ये सुरू झाली, ती शेजारी राज्यांच्या दोन जोड्यांपासून: आंध्र प्रदेश व तेलंगणा, आणि महाराष्ट्र व गुजरात. जानेवारी 2020 मध्ये गोव्यासह बारा राज्ये तिच्यात होती, आणि 2022 च्या मध्याला आसाम आल्यावर ती देशभर झाली. आज कुंडईला काम करणारा माणूस आपल्या वाट्याचे धान्य येथे घेतो आणि घरची माणसे उरलेले गावी घेतात. धान्य केंद्राचे असल्यामुळे तेथे राज्याराज्यांतला हिशेब सोपा झाला. राज्यांच्या स्वतःच्या पैशांतून चालणाऱ्या योजनांना तो करारानेच ठरवावा लागेल, आणि खरे कष्ट तेथेच आहेत.

डिचोलीची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. म्हापशाच्या बंधूंची चिंता आमच्या मंडळातही व्यक्त होते, त्यामुळे वर्षांपुरता वाटा देण्याची कल्पना मला सर्वांत उपयुक्त वाटली. आता हे मांडायचे कोणाकडे? मुख्यमंत्र्यांना निवेदन देऊन ते महाराष्ट्राशी वा कर्नाटकाशी कसे जोडले जाईल?

पणजीचा वकील

यासाठी एक व्यासपीठ कायद्यानेच दिलेले आहे. राज्य पुनर्रचना कायदा, 1956 अन्वये विभागीय परिषदा आहेत, त्यांचे अध्यक्ष केंद्रीय गृहमंत्री असतात आणि आर्थिक व सामाजिक नियोजनातील समान हिताचे विषय हे त्यांच्या कार्यकक्षेत येतात. गोवा पश्चिम विभागीय परिषदेत महाराष्ट्र व गुजरातबरोबर आहे. कर्नाटक मात्र दक्षिण विभागात आहे. म्हणजे आपले दोन शेजारी दोन वेगळ्या टेबलांवर बसतात, आणि खानापूर, कारवारकडच्या कुटुंबांचा विषय आपल्या परिषदेत सहज येत नाही. मात्र दोन विभागांतील राज्यांच्या समान विषयासाठी संयुक्त बैठक घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, आणि तिची मागणी राज्य सरकार करू शकते.

माझा सल्ला असा की सुरुवात महाराष्ट्रापासून करावी, कारण ते आपल्याच परिषदेत आहे आणि दोन्हीकडची अट योगायोगाने एकच, पंधरा वर्षांची, आहे. पश्चिम परिषदेत बालकांचे कुपोषण, शाळागळती हे विषय यापूर्वी घेतले गेले आहेत, तेव्हा एकट्या व वृद्ध स्त्रियांचा विषय तेथे परका ठरणार नाही. निवेदन मुख्य सचिवांच्या नावे द्यावे, प्रत समाजकल्याण संचालनालयाला द्यावी, आणि सोबत प्रत्यक्ष प्रकरणांचा तक्ता जोडावा: कोणत्या राज्यात किती वर्षे, पुरावा कोणता, अर्ज कोणत्या कारणाने फेटाळला. नावे व ओळख पटेल असे तपशील त्यात ठेवू नयेत. पुराव्यासाठी मतदार यादीतील नोंद, मुलांचे शाळेचे दाखले, लसीकरणाचे कार्ड यांचा उपयोग होतो, कारण घरभाड्याची पावती अशा कुटुंबांकडे क्वचितच असते. मसुदा तयार झाला की येथे टाकावा. कायद्याच्या बाजूने मी तो विनामूल्य तपासून देईन.

तिळारीकाठचा

दोडामार्गच्या बाजूची प्रकरणे गोळा करायला आमची ग्रामसभा मदत करील. तक्त्याचा नमुना आधी मिळाला, तर दोन्हीकडे एकाच पद्धतीने माहिती भरता येईल.