मदत हवी आहे: २००१ च्या बॅचचं २५ वर्षांचं गेट-टुगेदर सोलापुरात कसं जमवावं?

जर्नल_अपूर्ण:

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या एका कॉलेजातून २००१ साली बी.एस्सी. झालेली आमची केमिस्ट्रीची बॅच. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं २००४ मध्ये, त्यामुळे रिझल्टसाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे डोळे लावून बसलेल्या शेवटच्या काही बॅचपैकी आम्ही. यंदा २५ वर्षं झाली. थंडीत सगळ्यांनी जमायचं ठरलंय, म्हणजे ठरलंय असं ग्रुपवर रोज कुणीतरी म्हणतं. मी गावातच राहतो म्हणून संयोजनाची माळ माझ्या गळ्यात पडली.

पुण्यातल्या मंडळींनी लोणावळ्याचं एक रिसॉर्ट शोधून काढलंय. दोन दिवस, माणशी साडेसात हजार. ग्रुपवर फोटो आले, त्यावर अंगठे आले आणि लगेच एकाने यादी सुरू केली. ती यादी तुम्हीही पाहिली असेल: आपलं नाव लिहायचं, पुढे हिरवी टिक, कॉपी करून परत टाकायची. वीसेक नावं झाली आणि गाडी तिथंच अडली. ग्रुपवर ५२ जण आहेत. बाकीचे मेसेज वाचतात, बोलत काही नाहीत.

हे न बोलणारे मला ठाऊक आहेत, कारण गावात भेटत असतात. एक जण अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. एक मित्र या वयातही तासिका तत्त्वावर शिकवतोय, बिल निघेल तेव्हा पैसे. एक मैत्रीण, तिचे मिस्टर गेले, शिलाई आणि शेंगा चटणीच्या ऑर्डरींवर दोन पोरं शिकवतेय. प्रॅक्टिकलला आम्हाला सॉल्ट ओळखून देणारी हीच माणसं होती. यांना सोडून लोणावळ्यात केक कापायला माझं मन घेत नाही. आणि "तुझे पैसे आम्ही भरतो" असं म्हटलं तर यातला एकही येणार नाही, इतकं मी यांना ओळखतो.

माझा विचार असा: कार्यक्रम सोलापुरातच करायचा, गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या जत्रेत. त्यातला सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा बघायला बाहेरचेही खुशीने येतील. एक दिवस कॉलेज, एक दिवस कुणाच्या तरी शेतात हुरडा.

विचारायचंय ते हे. वर्गणी किती ठेवावी आणि कशी गोळा करावी, की कुणाची मान खाली जाणार नाही? वर्गातल्या बऱ्याच मुली लग्नानंतर आडनाव बदलून कुठं गेल्या पत्ता नाही, त्यांना शोधायचं कसं? आणि अमेरिकेतला एक मित्र बॅचच्या वतीने कॉलेजच्या प्रयोगशाळेला मोठी रक्कम देतो म्हणतोय. तो आता तिकडचा नागरिक आहे. पैसे माझ्या खात्यावर घेऊन मी कॉलेजला दिले तर चालेल का?

कडक_भाकरी:

गड्ड्यात? ओ दादा, सोलापुरात राहून तुम्ही हे विचारताय! यात्रेतले नंदीध्वज मिरवणुकीने निघाले की निम्म्या गावात गाडी नेता येत नाही. लॉज आधीच भरलेले असतात, आणि तुमच्याच वर्गातल्या चार-पाच जणांच्या घरी पै-पाहुणे उतरलेले असणार. ते संमती कट्ट्यावर अक्षता टाकायला जातील की तुमच्या स्टेजवर बसतील?

२६-२७ डिसेंबर धरा की. शुक्रवारी नाताळ, शनिवार-रविवार जोडून. परदेशातले तसेही त्याच सुमारास येतात. शनिवारी कॉलेज उघडं असेल तर लॅब बघता येईल, प्राचार्यांना आधी पत्र द्या. आणि धनुर्मास असल्यामुळे लग्नं जवळजवळ नसतात. मंगल कार्यालयवाले रिकामे बसलेले असतात, घासाघीस जमते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच सगळ्यांना हलवा. हुतात्मा काय, वंदे भारत काय, त्या सुट्टीत जागा उरत नाही.

हुरड्याचं मात्र शेतकऱ्याला आत्ताच विचारून ठेवा. पेरणी उशिरा झाली तर डिसेंबरअखेर कणसात दाणा भरलेला नसतो. नाही जमलं तर सरळ धुंधुरमासाचं जेवण ठेवा. बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी, लेकुरवाळी भाजी, वर शेंगापोळी. रिसॉर्टच्या पनीरपेक्षा लई भारी.

हिशेबनीस:

मी सीए आहे, म्हणून फक्त पैशांचं बोलतो. मित्र अमेरिकन नागरिक असेल तर त्याची देणगी विदेशी योगदान ठरते. ती घ्यायला कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि रक्कम संस्थेच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी इथे तो परदेशीच. तुमच्या खात्यातून फिरवून देणं हा भलताच उद्योग होईल, त्यात पडू नका. भारतीय पासपोर्ट कायम असलेले मित्र मात्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत थेट देऊ शकतात.

इथल्यांनी देणगी देताना पावती संस्थेच्याच नावाची घ्यावी. देणगीवरची आयकर सवलत जुन्या कररचनेत राहणाऱ्यांनाच मिळते, आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर तीही नाही.

कार्यक्रमाच्या वर्गणीसाठी दोघांच्या नावाने वेगळं बचत खातं उघडा. मित्रांकडून वर्षात ५०,००० च्या वर आलेली रक्कम भेट मानली गेली तर ती तुमचं उत्पन्न धरली जाते. प्रत्येक खर्चाचं बिल ठेवा, म्हणजे कुणी विचारलं तर दाखवता येईल.

पूर्वभागकर:

मुलींचं सांगतो. फेसबुकवर वेळ घालवू नका. जुनं जनरल रजिस्टर कॉलेजात असतंच, पण ऑफिसवाले नंबर-पत्ते देणार नाहीत आणि देऊही नयेत. त्यापेक्षा कोण कुठल्या पेठेतली, एवढं वर्गातल्या दोन-तीन मुलींना बसवून आठवा. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ इथली घरं अजून तीच आहेत, खालचे माग बंद पडले तरी. भाऊ नाहीतर वहिनी सापडतेच.

आमच्या पद्मशाली घरातल्या असतील तर नारळी पौर्णिमेची वाट बघा. मार्कंडेयाचा रथोत्सव आणि राखी एकाच दिवशी, माहेरी येतातच. फक्त निरोप ठेवताना एखाद्या वर्गमैत्रिणीला पाठवा. पन्नाशीला आलेला अनोळखी गडी दारात उभा राहून "तुमची बहीण कुठंय" विचारायला लागला तर चहा मिळणार नाही.

तिसरा_बाक:

आमच्या पॉलिटेक्निकच्या बॅचने हे मागे केलंय. पहिली गोष्ट, ती टिकवाली यादी आजच्या आज थांबवा. यादीत नसलेल्याला ती रोज टोचते.

आम्ही वर्गणी ५०० ठेवली, सगळ्यांना सारखी. वरचे पैसे ज्याला द्यायचे त्याने खजिनदाराला परस्पर दिले. कुणी किती दिले ते दोघांशिवाय कुणाला कळलं नाही. एकाने मोठी रक्कम देऊन बॅनरवर नाव मागितलं, त्याला पैसे परत केले. आणखी एक, कुटुंबासकट बोलावू नका. खर्च तिप्पट होतो आणि बायका-नवरे बिचारे कंटाळतात.

तासिकावाल्या मित्राला सूत्रसंचालन द्या. चटणीवाल्या ताईंना मात्र फुकट आणायला सांगू नका. प्रत्येकाला घरी न्यायला पाव किलोचं पाकीट, रीतसर ऑर्डर, पैसे आगाऊ.

जर्नल_अपूर्ण:

सगळ्यांचे आभार. गड्डा रद्द, २६-२७ डिसेंबर ग्रुपवर टाकतोय. बॅचमधल्या एका मैत्रिणीबरोबर खातं उघडायला सोमवारी बँकेत जातो. अमेरिकावाल्याला कॉलेजच्या ऑफिसशी बोलायला सांगितलंय. चटणीचा हिशेब केला, तेरा किलो लागेल. तिला नुसतं "ऑर्डर आहे" म्हणून कळवलं, तर तिने पहिला प्रश्न केला, "तिखट की मध्यम?"

राहता राहिले पुणेकर. त्यांना लोणावळ्याचं कुणी सांगायचं?

कडक_भाकरी:

रिसॉर्टला ॲडव्हान्स गेलाय का ते आधी बघा. गेला नसेल तर ग्रुपवर लिहू नका, त्यातल्या सगळ्यात बोलक्या माणसाला फोन लावा आणि कार्यालय बघायला त्यालाच रविवारी सोलापूरला बोलवा.

जर्नल_अपूर्ण:

ॲडव्हान्स गेलेला नाही. फोन लावतो.