टोचनच्या पिकअपचे पाटे काढू नका, आधी हूक बघा

कराडचा_स्लॅबवाला

परवा इथे एका मित्राने लिहिलं होतं, "पिकअप आपटते? मागचे दोन पाटे काढून टाका. खर्च काही नाही, गाडी कारसारखी पळते. मी मिक्सर टोचन करून फिरतो, काही होत नाही." खाली धडाधड अंगठे पडले. तेव्हापासून डोकं तापलंय म्हणून सविस्तर लिहितोय. (नवख्यांसाठी: पाटे म्हणजे कमानीतल्या, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगमधल्या, एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या. टोचन म्हणजे गाडीमागे जोडून ओढत नेणं.) हे वाचून उद्या कोणीतरी खरंच पाटे काढेल आणि मागे मिक्सर लावून कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरेल.

धक्का येतो कुठून ते आधी बघा. आपला हॉपरवाला, एका गोणीचा काँक्रीट मिक्सर. त्याला ना कमान ना शॉकअप, एक्सल थेट सांगाड्याला जोडलेला, वजन भरपूर. त्याचं चाक खड्ड्यात गेलं की तो दणका जिरायला मिक्सरमध्ये जागाच नाही. तो मिक्सरच्या ओढायच्या दांडीतून पिकअपच्या मागच्या हूकवर येतो, हूकवरून चासीत, चासीवरून तुमच्या कमरेत. त्यात पिन झिजलेली आणि दांडीचं कडं घासून लांबट झालेलं. गाडी उचलली की मिक्सर मागे ओढतो, ब्रेक मारला की पुढे येऊन धडकतो. हा हिसका मागे-पुढे बसतो. पाटे काम करतात वर-खाली. सगळे पाटे काढले तरी तो हिसका जाणार नाही.

दुसरं, खालचा जाड हेल्पर पाटा रिकाम्या गाडीत टेकतच नाही, भार आला की कामाला लागतो. मग तो काढून रिकामी गाडी मऊ होईलच कशी? आणि मधले पाटे काढले तर सगळा ताण मेन पाट्यावर. मेन पाटा बुशाजवळ तुटला की एक्सल जागचं सरकतं. घाटात हे झालं तर काय होईल ते लिहायची गरज नाही.

शिवाय हूक असतो मागच्या एक्सलच्याही मागे. तिथे पडलेलं वजन मागची बाजू दाबतं आणि पुढची उचलतं. पाटे काढलेली गाडी आणखी बसते. लाईट झाडांवर जातात, स्टिअरिंग हलकं लागतं. मिक्सरला स्वतःचा ब्रेक नाही, उतारावर तो ढकलतो, आणि अशा वेळी पुढची चाकं हलकी झालेली असतात.

गाडी मऊ करायची तर आधी हवा बघा. भरलेल्या गाडीची हवा रिकाम्या गाडीत ठेवली की टायर दगडासारखा चालतो. मग शॅकलचे, म्हणजे कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे बुश, मग शॉकअप. सर्वात आधी मात्र हूक.

मोरणाकाठ

तो मित्र मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

माझी गाडी आठवड्यातले बहुतेक दिवस रिकामी फिरते. पाटण ते कोयनानगर रस्त्यावर रिकामी पिकअप कशी उडते ते बसल्याशिवाय कळत नाही. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. तपासणीला कराडला न्यायची तर दुसरी गाडी दारात नाही. पाटे काढल्यापासून ती पुढे बसून येते आणि घरी आल्यावर उठू शकते. तुमच्या हूकच्या शास्त्राने तिचं दुखणं कमी झालं नसतं, कारण तेव्हा मागे मिक्सर नसतोच.

माझा मिस्त्री माझ्या वडिलांच्या जीपपासून कमानी बांधतोय. त्याच्या हाताला जे कळतं ते लिहून सांगता येत नाही.

कमानवाला_उंब्रज

दोघांच्याही गाड्या आमच्याकडे येण्यासारख्याच आहेत, म्हणून बोलतो.

स्लॅबवाल्या दादांचं हेल्परचं बरोबर. काढलेला पाटा नक्की कोणता, हे इथे कोणीच विचारलं नाही. मोरणाकाठभाऊ, तुमच्या मिस्त्रीने मधलेच काढले असणार, म्हणून फरक पडला. त्यासोबत सगळे पाटे मधोमध जोडणारा सेंटर बोल्ट बदलला का? पाट्यांचा गठ्ठा बारीक झाल्यावर तो एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टचे आटे पुरत नाहीत. नट खालपर्यंत जातो, आवळल्यासारखा वाटतो आणि गठ्ठा आत ढिला राहतो. सेंटर बोल्ट तुटून येणाऱ्या गाड्यांत हेच सापडतं.

आता माझं म्हणणं. दहातल्या आठ गाड्यांना पाटा काढायची गरजच नसते. पाट्यांच्या मध्ये गंज धरलेला असतो. पाटे एकमेकांवर घसरलेच नाहीत तर आख्खी कमान एकाच जाड लोखंडी पट्टीचं काम करते. बारीक खड्डा तिला दबवू शकत नाही, तो सरळ वर येतो. गठ्ठा खोला, तारेच्या ब्रशने घासा, ग्रॅफाइटचं ग्रीस लावा, टोकाचे झिजलेले पॅड बदला, मग बांधा. शॅकल हाताने हलतोय का बघा. जाम असेल तर कमानीला लांबायला जागा नाही, ती दबणार कशी?

आणि कृपा करून जळकं ऑइल मारू नका. लोक दर पावसाळ्याआधी मारतात. त्याला माती चिकटते आणि पाटे कानशीने घासल्यासारखे झिजतात.

रिमोल्ड_नको

हवेवर पुढे कोणी बोलेना म्हणून. आमच्याकडे पंक्चरवाला विचारतसुद्धा नाही, सगळ्यांना एकच आकडा भरतो. मागे रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर, त्यात एक नायलॉन एक रेडियल, आणि वर म्हणायचं कंपनीची गाडी आपटते. आधी चारही टायर एका जातीचे करा.

सेंट्रिंगवाल्याचा_पोर

सगळं वाचलं. पुढच्या सीटवरच्या माणसाला धक्का बसू नये म्हणून किती बारकाईने लिहिलंय. मागे हौद्यात कोण बसतं ते एकानेही लिहिलं नाही.

माझी आई स्लॅबवर घमेली वाहायची. पहाटे मजूर अड्ड्यावरून पिकअपमध्ये. खाली सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबखाली लावायच्या लोखंडी प्लेटा, त्यावर फळ्या, त्यावर बायका, मागे मिक्सर. गतिरोधकावर मिक्सरचा हिसका बसला आणि ती फळीवरून प्लेटेच्या कडेवर पडली. खांद्याचं हाड मोडलं. ठेकेदाराने पहिल्या दवाखान्याचे पैसे दिले आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरी बाई लावली. अजून तिचा तो हात डोक्याच्या वर जात नाही.

तेव्हा पाटे किती ठेवायचे हा प्रश्न मला दुसरा वाटतो. पहिला प्रश्न, माणसं मागे का?

मोरणाकाठ

भाऊ, आईंचं वाईट झालं. पण मग माणसांनी यायचं कसं ते सांगा. स्लॅब सकाळी सातला सुरू करावा लागतो, नाहीतर संध्याकाळी अंधारात कडा मारत बसतो. त्या वेळेला वाडीवर एसटी येत नाही. दुसरी गाडी लावली तर तिचं भाडं घरमालक देत नाही. त्याला फक्त चौरस फुटाचा दर कळतो. मीही एका ठेकेदाराचाच ठेकेदार आहे. तुम्ही मला खलनायक करून मोकळे होऊ नका.

सातारा_कोर्टकचेरी

कायद्याचं थोडक्यात. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीच्या गळ्यात पडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने फार पूर्वी स्पष्ट केलंय. मोटार वाहन कायद्याच्या 1994 च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्याच्या आत आला. हौद्यातली पंधरा माणसं मालाचे प्रतिनिधी ठरत नाहीत. हमाल-मजुरांचा वेगळा हप्ता भरला असेल तर तेवढ्या माणसांपुरतं बोलता येतं. पॉलिसी काढून बघा, बहुतेकांनी तो भरलेला नसतो. अपघात झाला तर जमीन विकायची वेळ गाडीमालकावर येते.

आणि 2019 पासून ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. कमान मऊ करून गाडी बसलेली दिसली की अधिकाऱ्याची नजर आपोआप तिकडे जाते.

कराडचा_स्लॅबवाला

मी गाडीच्या तांत्रिक गोष्टीवर धागा काढला होता. मजुरांचा प्रश्न मोठा आहे, पण त्याला वेगळा धागा काढा. इथे कमानीचं राहून गेलं.

सेंट्रिंगवाल्याचा_पोर

वेगळा धागा? तुम्हीच वर लिहिलंत की दणका हूकवरून चासीत येतो. चासीवर हौदा आहे. हौद्यात माणूस आहे. मागच्या एक्सलच्या मागे, सर्वात जास्त उडणाऱ्या जागेवर, बिनगादीचा, धरायला काही नसलेला. तुमच्या कमरेपर्यंत आलेला दणका त्याच्या मणक्यापर्यंत गेला की विषय बदलतो का?

आणि आता निघालंच आहे तर बोलतो. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आईने अख्खं आयुष्य स्लॅबवर काढलं. सही द्यायला एक ठेकेदार तयार झाला नाही. म्हणे उद्या काही झालं तर माझं नाव येईल. नोंदणी असती तर उपचाराला हातभार लागला असता. मंडळाकडून मिळणारा भांड्यांचा संच मात्र गावात ज्यांनी कधी घमेलं उचललं नाही त्यांच्या घरी गेला. इथे लिहिणाऱ्या स्लॅबवाल्यांपैकी किती जणांनी सह्या दिल्यात?

मोरणाकाठ

मी दिल्यात. सगळ्यांना नाही, जे कायम माझ्याकडे असतात त्यांना. बाकीचे आज माझ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्यांचे 90 दिवस मी एकटा कसे लिहून देऊ? खोटी सही करू?

सेंट्रिंगवाल्याचा_पोर

90 लिहू नका. तुमच्याकडे वीस दिवस केले तर वीस लिहा. दुसरा तीस लिहील. प्रत्येकाने आपापले लिहिले तर बेरीज होते. कोणीच लिहीत नाही म्हणून शून्य राहते.

कराडचा_स्लॅबवाला

ही वीस-तीसची गोष्ट पटली. मी माझ्या हजेरीवहीतून तसे दाखले करून देईन. विषय भरकटला हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण दाखले देतो.

मोरणाकाठ, तुम्हाला एकच विचारतो. वहिनींना नेता तेव्हा मागे मिक्सर नसतो, मान्य. पण मिक्सर लावता तेव्हा काढलेले पाटे परत घालता का? नाही ना? मग सल्ला देताना "मिक्सर टोचन करून फिरतो, काही होत नाही" हे वाक्य काढा. रिकाम्या गाडीचं तुमचं तुम्ही बघा, मी बोलणार नाही.

मोरणाकाठ

वाक्य काढलं. बघा जाऊन. पाटे मात्र परत घालणार नाही, जोवर ती पुढे बसते तोवर नाही. मिक्सर आता मेव्हण्याच्या ट्रॅक्टरमागे जाईल, डिझेलचं त्याच्याशी बघून घेईन. माणसंही ट्रॅक्टरवर येणार नाहीत, हे आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर परत कोणी विचारेल.

कमानवाले, यू-बोल्टचं काल मुद्दाम गाडीखाली जाऊन पाहिलं. आटे संपलेत, नट तळाला टेकलाय. मिस्त्रीशी बोलतो.

कमानवाला_उंब्रज

बोलण्याआधी गाडी चालवू नका. आखूड यू-बोल्ट घ्या, जुनेच खाली वॉशर घालून आवळू नका. बसवल्यावर दोन-चार दिवस गाडी चालली की परत एकदा आवळून घ्या, नवा गठ्ठा बसतोच. आणि स्लॅबवाले दादा, तुमच्या दांडीचं कडं लांबट झालंय म्हणालात. त्यात नुसती वेल्डिंगची भर टाकू नका, जाड बुश बसवून मग वेल्ड करा आणि पिन त्या मापाची नवी करून घ्या. जुनी पिन नव्या बुशात घातली तर महिन्यात पुन्हा तेच.